टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे दात आणि हिरड्या : नव्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मुलाला टाइप १ मधुमेह असल्याचे कळल्यानंतरचे पहिले महिने इन्सुलिन कसे टोचायचे, कर्बोदके कशी मोजायची आणि रात्री किती वाजता साखर तपासायची हे शिकण्यातच जातात. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांच्या तपासण्यांबद्दल डॉक्टर आवर्जून सांगतात, पण तोंडाचा विषय अनेकदा राहूनच जातो. दंतवैद्य आणि मधुमेहतज्ज्ञ आपण होऊन एकमेकांशी क्वचितच बोलतात, त्यामुळे दोघांमधला निरोप पोहोचवण्याचे काम पालकांवर येते. मीही असाच एक पालक आहे. ज्या गोष्टी आम्हाला तुकड्यातुकड्यांनी आणि उशिरा कळल्या, त्या येथे क्रमाने मांडल्या आहेत. इन्सुलिनचा डोस बदलण्याचा निर्णय मात्र कोणत्याही लेखावरून घ्यायचा नसतो. तो तुमच्या मधुमेहतज्ज्ञांकडूनच घ्यावा.

१. आधी हिरड्यांचा विचार करा, मग किडीचा

मधुमेह आणि दात हे शब्द एकत्र आले की बहुतेकांच्या मनात दातांची कीड येते. कीड महत्त्वाची आहेच, पण या मुलांमध्ये किडीचे प्रमाण सर्वत्र सारखे आढळत नाही. एकीकडे खाण्यावर लक्ष असल्यामुळे गोड पदार्थांचा मारा कमी होतो, तर दुसरीकडे साखर कमी झाल्यावर अवेळी द्यावे लागणारे ग्लुकोज आणि तोंडाची कोरड यांमुळे धोका वाढतो. हिरड्यांच्या बाबतीत चित्र बरेच स्पष्ट आहे: रक्तातील साखर दीर्घकाळ जास्त राहिलेल्या मुलांच्या हिरड्या लवकर सुजतात आणि त्यांतून रक्तही लवकर येते.

यामागची कारणे समजून घेतली की पुढचे सगळे टप्पे सोपे वाटतात. रक्तात साखर वाढली की लाळेत आणि हिरडीच्या कडेने पाझरणाऱ्या द्रवातही ग्लुकोज वाढते, आणि जंतूंना आयते खाद्य मिळते. साखर जास्त असताना वारंवार लघवी होऊन शरीरातील पाणी कमी होते, लाळ घटते, आणि तोंडातील आम्ल सौम्य करणारी नैसर्गिक यंत्रणा दुबळी पडते. त्यातच जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते आणि हिरड्यांचा दाह मात्र अधिक तीव्र होतो. म्हणून दातांवर तेवढाच चिकट थर असला तरी या मुलाच्या हिरड्या दुसऱ्या मुलापेक्षा जास्त सुजू शकतात. दातांना आधार देणाऱ्या हाडाची झीज हा एरवी मोठ्या माणसांचा आजार समजला जातो, पण साखर नियंत्रणात नसलेल्या काही मुलांमध्ये त्याची सुरुवात किशोरवयात किंवा त्याआधीही झालेली दिसते.

साखर नियंत्रणात असलेल्या मुलांमध्ये हा धोका बराच कमी असतो. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी म्हणूनच दंतवैद्यालाही माहीत असायला हवी. बहुतेक मुलांसाठी ७ टक्क्यांच्या खाली हे उद्दिष्ट धरले जाते; तुमच्या मुलासाठी ते किती असावे हे तुमचे डॉक्टर सांगतील. मधुमेह आहे म्हणजे दात खराब होणारच, असा सूर कोणी लावला तर तो मनावर घेऊ नका.

२. दुखण्याची वाट न पाहता पहिली भेट ठरवा आणि फाइल तयार ठेवा

निदानानंतर घरची घडी बसली की, म्हणजे साधारण पहिल्या काही महिन्यांतच, दंतवैद्याची एक भेट ठरवा. शक्य असेल तर मुलांच्या दातांचे तज्ज्ञ निवडा. या भेटीत उपचार होणे महत्त्वाचे नाही. हिरड्या आज कशा आहेत याची नोंद होणे महत्त्वाचे आहे, कारण पुढची प्रत्येक तुलना या नोंदीशी करायची आहे. सोबत पुढील कागद न्या:

- मधुमेहाच्या निदानाची तारीख, मधुमेहतज्ज्ञांचे नाव आणि फोन नंबर
- एचबीएवनसीचा सर्वांत अलीकडचा अहवाल
- सध्याच्या इन्सुलिनची नावे, डोस आणि वेळा. पंप असल्यास त्याची माहिती
- गेल्या दोन आठवड्यांतील साखरेच्या नोंदी किंवा (अंगावर लावून साखर सतत मोजणाऱ्या) सेन्सरचा अहवाल
- साखर कमी होण्याचे प्रसंग किती वेळा येतात, त्या वेळी मूल कसे दिसते आणि ते कधी बेशुद्ध झाले होते का, याची टिपणे
- इतर आजार, चालू औषधे आणि अॅलर्जी
- दातांचे जुने एक्स-रे, असल्यास

इतर आजारांमध्ये थायरॉइड आणि सीलिअॅक (गव्हासारख्या धान्यांतील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) यांचा उल्लेख विसरू नका, कारण टाइप १ मधुमेहाबरोबर हे दोन्ही आजार इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात. सीलिअॅक आजारात कायमच्या दातांच्या एनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणावर, दोन्ही बाजूंना सारखेच खड्डे, आडव्या रेषा किंवा रंगाचे पट्टे दिसू शकतात. दंतवैद्याने असे काही दाखवले तर ते केवळ दिसण्यापुरते आहे असे समजून सोडून देऊ नका, मधुमेहतज्ज्ञांना कळवा. पोटाची फारशी तक्रार नसतानाही काही मुलांमध्ये सीलिअॅकचा पहिला सुगावा दातांवरून लागतो.

या भेटीतच दोन गोष्टींचा अंदाज घ्या. मुलाची साखर खाली गेली तर काय करायचे हे दवाखान्यातील मंडळींना माहीत आहे का? टाइप १ आणि मोठ्यांचा टाइप २ यांतला फरक त्यांना ठाऊक आहे का? ‘त्या दिवशी उपाशी या आणि इन्सुलिन घेऊ नका’ अशी सूचना फोनवरून सहज दिली जाते. टाइप १ असलेल्या मुलाचे इन्सुलिन असे बंद करता येत नाही, हे सांगण्यात संकोच करू नका.

पुढील तपासणी दर सहा महिन्यांनी करावी. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा साखर सतत जास्त असेल तर दंतवैद्य तीन-चार महिन्यांनी बोलावतील. या भेटींमध्ये दोन गोष्टी आठवणीने विचारा. पहिली म्हणजे फ्लोराइड वार्निश, जे दर तीन ते सहा महिन्यांनी दातांवर लावले जाते. दुसरी म्हणजे सीलंट, म्हणजे दाढांच्या खाचा बुजवणारा पातळ थर. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी आणि दुसरी बाराव्या वर्षाच्या आसपास येते, आणि त्या पूर्ण वर आल्या की लवकरच सीलंट लावून घेणे चांगले. सहाव्या वर्षीची ही दाढ दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता गुपचूप उगवते, म्हणून अनेक पालकांना ती आल्याचे कळतही नाही.

३. दिवसातून दोनदा ब्रश, आणि रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या देखरेखीखाली

ब्रशचे डोके लहान आणि केस मऊ असावेत. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी आणि तिच्यात फ्लोराइडचे प्रमाण किमान १००० पीपीएम आहे याची वेष्टनावर खात्री करावी. तीन वर्षांखालील मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. दोन मिनिटे ब्रश करावा, पेस्ट थुंकून टाकावी, पण त्यानंतर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, कारण त्याबरोबर फ्लोराइडही वाहून जाते. ही शेवटची सूचना घरातल्या मोठ्यांना पटवणे मुलांना पटवण्यापेक्षा कठीण जाते.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला नीट ब्रश करण्याइतके वळण आलेले नसते. तोवर किमान रात्रीचा ब्रश तुम्ही करून द्या किंवा त्याने केल्यावर पुन्हा फिरवा. ब्रश दातांच्या मध्यावर न फिरवता दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर, किंचित तिरका धरून हलक्या हाताने फिरवावा, कारण चिकट थर नेमका तिथेच साचतो. दोन दात एकमेकांना टेकू लागले की त्यांच्या मधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही. तेव्हापासून फ्लॉस सुरू करा. लहान मुलांसाठी दांडी असलेला फ्लॉस सोयीचा पडतो.

एक सापळा येथे बहुतेकांना अडकवतो. हिरडीतून रक्त आले की पालक घाबरून त्या भागावर ब्रश फिरवणे थांबवतात, थर वाढतो, आणि रक्त अधिकच येऊ लागते. बहुतेक वेळा रक्त येणे हे साचलेल्या थरामुळे झालेल्या दाहाचे लक्षण असते, म्हणून तिथे हलक्या हाताने पण अधिक काळजीपूर्वक ब्रश करायचा असतो. आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर दंतवैद्याकडे जा.

४. साखर कमी झाल्यावर दिलेले ग्लुकोज दातांवर राहू देऊ नका

मधुमेह नसलेल्या मुलाच्या पालकांना हा प्रश्न पडतच नाही, आणि दातांच्या सर्वसाधारण पुस्तिकांत त्याचे उत्तर सापडत नाही. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की लगेच ग्लुकोज द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि गरज पडल्यास पुन्हा द्यायचे, हा नियम तुम्हाला शिकवलेला असेल. त्या क्षणी दातांचा विचार मनातही आणू नका. साखर देण्यास उशीर होण्यापेक्षा दातावर थोडी साखर राहणे केव्हाही परवडते.

विचार करायचा तो दोन वेळी: साखर द्यायचा पदार्थ निवडताना आणि साखर पूर्ववत झाल्यानंतर. निवडताना लवकर शोषला जाणारा आणि तोंडात न रेंगाळणारा पदार्थ घ्या. चघळत राहावे लागणाऱ्या चिकट गोळ्या दातांच्या खाचांत तासन्‌तास अडकून राहतात, आणि चॉकलेटमधील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. म्हणजे जे दातांना वाईट, ते या प्रसंगी उपचार म्हणूनही बहुधा कमअस्सल असते. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा मोजून घेतलेला फळांचा रस हे दोन्ही पर्याय चालतात. किती द्यायचे ते मुलाच्या वजनावर ठरते. किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम कर्बोदके हा प्रचलित हिशेब आहे, त्यामुळे २० किलोच्या मुलाला सुमारे ६ ग्रॅम पुरतात. घाबरून मूठभर गोळ्या दिल्या तर साखरही उसळते आणि दातांवरही जास्त साखर राहते.

साखर पूर्ववत झाली आणि मूल नीट शुद्धीवर आहे याची खात्री झाली की त्याला पाण्याने चूळ भरायला सांगा किंवा दोन-चार घोट पाणी प्यायला द्या. लगेच ब्रश मात्र करू नका. फळांचा रस आम्लधर्मी असतो, आणि अनेक ग्लुकोज गोळ्यांमध्येही चवीसाठी सायट्रिक आम्ल असते. आम्लाने एनॅमलचा वरचा थर तात्पुरता मऊ पडतो, तेव्हा ब्रशने तो घासला जातो. साधारण अर्धा तास जाऊ द्यावा.

रात्रीचा प्रसंग सर्वांत अवघड, कारण झोपेत लाळ फार कमी स्रवते आणि दातांवर राहिलेली साखर सकाळपर्यंत तशीच राहते. मध्यरात्री पेंगुळलेल्या मुलाला ब्रश करायला उठवणे व्यवहार्य नाही, आणि तशी गरजही नाही. उशाशी पाण्याची बाटली आणि एखादे स्वच्छ मऊ कापड ठेवा. साखर वर आल्यावर मुलाला बसवून पाण्याचे घोट द्या. लहान मुलाचे दात ओल्या कापडाने पुसून घ्या. मूल पूर्ण जागे नसेल किंवा गिळू शकत नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका. अशा वेळी ग्लुकागॉन (रक्तातील साखर वाढवणारे तातडीचे औषध) आणि तातडीची वैद्यकीय मदत हेच उपाय आहेत.

रात्रीमागून रात्री साखर खाली जात असेल तर त्यावरचा खरा उपाय उशाशी नसून मधुमेहतज्ज्ञांकडे आहे. इन्सुलिनचे प्रमाण जुळले की रात्रीची साखर देण्याची वेळच कमी येते, आणि दात आपोआप वाचतात.

५. कोरड आणि श्वासाचा वास यांचा अर्थ नीट लावा

तोंडाला कोरड पडल्यास साधे पाणी द्यावे. साखरमुक्त म्हणून विकली जाणारी शीतपेये रक्तातील साखर वाढवत नाहीत, म्हणून ती निर्धास्तपणे दिली जातात. परंतु त्यांतील आम्ल एनॅमल झिजवते, आणि त्याचा पत्ता ग्लुकोमीटरवर लागत नाही.

कोरडीबरोबर तहान आणि वारंवार लघवी असेल तर आधी साखर तपासा. श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येत असेल तर तो तोंडाच्या अस्वच्छतेचा वास नव्हे. तो कीटोनचा, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साचणाऱ्या आम्लधर्मी पदार्थांचा, असू शकतो. माउथवॉश शोधत न बसता साखर आणि कीटोन दोन्ही ताबडतोब तपासा. जिभेवर किंवा गालांच्या आत पांढरे, पुसल्यावर खाली लाल जागा सोडणारे चट्टे दिसले तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. तोही साखर जास्त असलेल्या मुलांमध्ये अधिक आढळतो आणि डॉक्टरांच्या औषधाने बरा होतो.

६. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन तोंड पाहा

ठरावीक दिवशी, चांगल्या उजेडात, मुलाचा ओठ वर उचलून हिरडीची कड पाहा. निरोगी हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते आणि तिची कड धारदार दिसते. लालसर, फुगीर, चकचकीत कड, दातांवर हिरडीजवळ खडूसारखा पांढरा पट्टा, तपकिरी ठिपका, हिरडीवर पुळी किंवा हलणारा कायमचा दात दिसला तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका. शक्य असेल तर फोटो काढून तारखेनिशी ठेवा. दुखत नाही म्हणून काही झाले नाही, हा निष्कर्ष हिरड्यांच्या बाबतीत फसवा ठरतो, कारण हिरड्यांचा दाह बराच काळ न दुखता चालू राहतो.

७. उपचाराच्या दिवसाचे वेळापत्रक आधीच आखा

दंतवैद्याकडील बहुतेक अडचणी दातामुळे येत नाहीत. जेवणाची वेळ आणि इन्सुलिनची वेळ यांची ताटातूट झाल्यामुळे येतात. म्हणून शक्यतो सकाळची वेळ घ्या, न्याहारी आणि तिचे इन्सुलिन नेहमीप्रमाणे होऊ द्या, आणि भेट जेवणाच्या वेळेपर्यंत लांबणार नाही असे पाहा. पिशवीत ग्लुकोमीटर, पट्ट्या, ग्लुकोज, खाण्याचा थोडा पदार्थ, पाणी, इन्सुलिन आणि कीटोन तपासण्याचे साहित्य असावे.

खुर्चीत बसण्यापूर्वी साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल तर आधी ती वर आणा आणि मगच काम सुरू होऊ द्या. २५० च्या वर असेल तर कीटोन तपासा. कीटोन वाढलेले असतील तर तातडीचे नसलेले काम पुढे ढकला आणि मधुमेहतज्ज्ञांना फोन करा. भीतीमुळेही साखर थोडी वर जाते, त्यामुळे केवळ वाढलेला आकडा पाहून दाराशी उभे राहून जादा इन्सुलिन टोचण्याची घाई करू नका. काम चालू असताना ती कोसळू शकते. खुर्चीत असताना मूल अचानक गप्प, फिकट किंवा चिडचिडे झाले तर ते घाबरले आहे असे गृहीत न धरता काम थांबवून साखर तपासायला सांगा. तोंड उघडे ठेवून बसलेले मूल ‘मला कसेतरी होतेय’ असे बोलू शकत नाही, म्हणून हात वर करण्याची खूण आधीच ठरवून घ्या.

जागा बधिर करण्याचे इंजेक्शन दिले असेल तर ओठ आणि जीभ दोन-तीन तास बधिर राहू शकतात. या काळात मूल नीट खाऊ शकत नाही आणि नकळत ओठ किंवा गाल चावून घेते. त्यामुळे मूल प्रत्यक्ष खाऊ शकेल अशी खात्री झाल्याशिवाय त्या जेवणाचे इन्सुलिन देऊ नका, आणि वेळ कशी बदलायची हे मधुमेहतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. दात काढल्यानंतर दोन-तीन दिवस मऊ अन्न लागेल. त्यातील कर्बोदकांचा हिशेबही आधी करून ठेवलेला बरा.

औषधे लिहून दिली जातात तेव्हा पातळ औषध साखरमुक्त मिळते का ते विचारा. स्टिरॉइड दिले जाणार असेल तर त्याने साखर वाढते, म्हणून मधुमेहतज्ज्ञांना कळवा. मुलांना वेदनेसाठी अॅस्पिरिन देऊ नये. काही सेन्सरांवर पॅरासिटामॉल घेतल्यानंतर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. तुमच्या सेन्सरची पुस्तिका पाहा आणि शंका आल्यास बोटातून रक्त घेऊन तपासा. पंप आणि सेन्सर यांची एक्स-रेविषयीची सूचनाही त्याच पुस्तिकेत असते.

८. पूर्ण भूल द्यायची असेल तर दोन्ही डॉक्टरांचे लेखी नियोजन घ्या

खूप लहान मुलांच्या किंवा अनेक दातांच्या उपचारासाठी पूर्ण भूल द्यावी लागते आणि त्यासाठी उपाशी राहावे लागते. अशी शस्त्रक्रिया मधुमेह असलेल्या मुलांना सांभाळण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी आणि त्या दिवशीच्या यादीत तुमच्या मुलाचा क्रमांक पहिला असावा, अशी मागणी करा. उपाशी असतानाही दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन पूर्ण बंद केले जात नाही. त्याचा डोस किती, शिरेतून ग्लुकोज कधी सुरू होणार आणि साखर किती वेळाने तपासणार, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी सूचना रुग्णालयातील पाळी बदलली की हरवतात.

९. दातातील संसर्ग हा आजारपणाचा दिवस समजा

दाताच्या मुळाशी पू झाला की ताप येवो वा न येवो, साखर वाढू लागते, कारण संसर्गात शरीराची इन्सुलिनची गरज वाढते. दुसरीकडे दुखण्यामुळे मूल खात नाही. खात नाही म्हणून इन्सुलिन बंद करणे ही या प्रसंगातली सर्वांत धोकादायक चूक आहे, कारण त्यामुळे कीटोन झपाट्याने वाढतात. आजारपणासाठी मधुमेहतज्ज्ञांनी दिलेले नियम लगेच लागू करा, दर दोन-तीन तासांनी साखर पाहा आणि कीटोन तपासा. रक्तातील कीटोन ०.६ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली असले तर ठीक, १.५ च्या वर गेले तर लगेच डॉक्टरांशी बोला. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, सतत उलट्या किंवा धाप यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठा.

याउलट, कारण न सापडता साखर बरेच दिवस चढी राहिली तर तोंडाची तपासणी करून घेण्यास हरकत नाही. न दुखणारा दातही आतून सडलेला असू शकतो.

१०. किशोरवय आणि तारा

या वयात संप्रेरकांमुळे हिरड्या अधिक संवेदनशील होतात, त्याच संप्रेरकांमुळे इन्सुलिनची गरज वाढते, आणि ब्रश व इंजेक्शन या दोन्हींचा कंटाळा एकाच वेळी येतो. मुलाच्या मागे लागून दोन्ही करून घेणे शक्य नसते. निदान रात्रीचा ब्रश आणि रात्रीचे इन्सुलिन एकाच वेळी, एकाच जागी करण्याची सवय लावली तर आठवण एकदाच करून द्यावी लागते. धूम्रपानाबद्दल स्पष्ट बोला. मधुमेह असताना ते हिरड्या आणि रक्तवाहिन्या या दोन्हींचे नुकसान करते हे निश्चित.

दात सरळ करण्यासाठी तारा बसवायच्या असतील तर मधुमेह ही त्याला बंदी नाही. मात्र हिरड्या निरोगी आणि साखर स्थिर असतानाच सुरुवात करावी, कारण तारांभोवती थर पटकन साचतो आणि दात सरकवताना हाडावर ताण येतो. सुरू करण्यापूर्वी हिरड्यांची तपासणी आणि नवा एचबीएवनसी अहवाल या दोन गोष्टी दातांच्या तज्ज्ञांपुढे ठेवा. तारा असेपर्यंत फटींतला छोटा ब्रश वापरावा आणि हिरड्यांची तपासणी तीन महिन्यांनी करावी. तारेमुळे तोंडात जखम झाली तर ती नेहमीपेक्षा हळू भरू शकते. टोचणाऱ्या टोकावर मेण लावून लवकरात लवकर ती तार नीट करून घ्यावी.